नळातून गेलेली तार

नागपूर शहरातील समस्त टेलिफोनधारक, भावी टेलिफोनधारक आणि प्रतीक्षायादीत नाव घालून केस पिकवत बसलेले सर्व नागरिक यांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येत आहे की, महाल भागातल्या एका घरात टेलिफोन खात्याच्या मालमत्तेशी वर्षानुवर्षं जी छेडछाड चालू होती, तिचा मुख्य सूत्रधार आता खात्याच्या हाती लागणार नाही. तो अशा ठिकाणी पोहोचला आहे, जिथे समन्स घेऊन गेलेला शिपाई परत येत नाही. सबब, आता बोलायला हरकत नाही.

हा सूत्रधार माझा घरमालक होता. सत्तरच्या दशकात मी यवतमाळहून नागपुरात सरकारी नोकरीला आलो आणि त्याच्या घराची मागची खोली घेतली. भाड्यात पाणी धरलेलं होतं, वीज धरलेली होती. भीती वरून मिळाली, आणि तिचे वेगळे पैसे पडले नाहीत. त्याला सगळी गल्ली काका म्हणायची. मीही म्हणू लागलो, त्यामुळे इथून पुढे मला एकेरीवर राहणं जमायचं नाही.

खोली दाखवायला काकांनी मला पुढच्या बैठकीतून नेलं. तिथे तिवईवर काळा फोन होता आणि त्यावर क्रोशाचं झाकण.

"हा आमचा फोन," काका म्हणाले. "एकच आहे."

मी मान डोलावली.

"एकच," ते पुन्हा म्हणाले.

एखाद्या घरात दोन फोन असू शकतात हा विचारच तोवर माझ्या डोक्यात आलेला नव्हता. आता आला. मी उगाच इकडेतिकडे पाहू लागलो. जिन्याजवळ भिंतीतून एक जुना लोखंडी नळ वर माडीकडे गेलेला होता आणि त्याला हाताच्या उंचीवर तोटी होती. एसटीतून उतरून थेट आलेलो, हात धुळीनं भरलेले. मी तोटीला हात घातला.

"तो नळ नको!" काका असे ओरडले की मी हात मागे घेऊन खिशात घातला.

"पाणी येत नाही का?"

"तो नळच नाही," काका म्हणाले, आणि मग जरा विचार करून, "म्हणजे नळच आहे. नळाशिवाय दुसरं काहीच नाही त्याच्यात."

नळाच्या पोटातून टेलिफोनची तार वर माडीवर गेली होती, आणि माडीवर काकूंच्या उशाशी, पापडांच्या पितळी डब्यात, दुसरा फोन होता. हे मला कळायला महिना लागला. काकांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं असतं, तर त्या दिवशीच कळलं असतं.

काकांची नोकरी पाणीपुरवठ्यात झालेली. चोरून घेतलेली नळजोडणी पकडायची, हे त्यांचं काम. पहाटे सगळं गाव झोपलेलं असताना ते एक लोखंडी सळई घेऊन गल्लीत जात, सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवत आणि दुसरं उजव्या कानाला लावत. जमिनीखालून पाणी वाहत असेल तर सळई गुणगुणते म्हणे. ज्या घराकडे पाणी जायला नको, त्या घराकडे ती गुणगुणली की काका दार वाजवत. सगळ्या नोकरीत त्यांनी एकालाही सोडलं नव्हतं. स्वतःच्या सख्ख्या साळ्याचा नळ त्यांनी ऐन उन्हाळ्यात कापला होता. काकू त्यावर पुढचा सगळा उन्हाळा त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

त्या नोकरीतून त्यांनी एक सिद्धांत आणला होता आणि तो ते मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवत. "चोर कधी चोरी करताना नाही सापडत, बाबू. चोर सापडते सावधपणा करताना." मी कारकून असल्यामुळे मी बाबू. "ज्याच्या घरी चोरीचा नळ असे ना, तो मले पाहून आधी म्हणे, 'साहेब, पाण्याचे लई हाल आहेत.' झालं! मी तिथंच खणत होतो."

इतकं ज्ञान असलेल्या माणसानं स्वतः चोरी करायला नको होती, आणि केलीच तर ज्ञान तरी विसरायला हवं होतं. काकांना दोन्ही जमलं नाही.

फोनसाठी त्यांनी अर्ज केला तेव्हा मुलगी पाचवीत होती. फोन लागला तेव्हा ती रायपूरला सासरी नांदत होती आणि तिचा मुलगा रांगायला लागला होता. पेढे वाटून झाले, शेजारच्यांचे निरोप येऊ लागले, आणि त्याच पावसाळ्यात काकू जिन्यावरून घसरून पडल्या. खुबा मोडला. हाड कसंबसं जुळलं, पण जिना कायमचा तुटला. काकू माडीवर, फोन खाली. काकांनी रीतसर जोडयंत्रासाठी, म्हणजे त्याच लाइनवरच्या दुसऱ्या फोनसाठी, अर्ज केला. अर्ज विचाराधीन आहे असं उत्तर आलं. खातं कसं विचार करतं हे काका स्वतः सरकारी खात्यात राहिलेले असल्यामुळे जाणून होते. मग एके दिवशी ते सीताबर्डीवर गेले आणि भंगारवाल्याकडून खात्यानं टाकून दिलेला एक फोन पिशवीत, कोथिंबिरीखाली घालून घेऊन आले.

फोन जोडला, आवाज आला, आणि त्या क्षणापासून काकांची झोप गेली. कारण नियम साधा होता. यंत्र खात्याचं, तार खात्याची. आपलं काही जोडलेलं सापडलं की कनेक्शन कायमचं तुटणार. पुन्हा अर्ज केला तर नातू मॅट्रिक होईपर्यंत थांबा.

"मी कोणाले सोडलं नाही," काका म्हणायचे, "मले कोण सोडन?"

एक्स्चेंजमध्ये बसल्याबसल्या दुसरा फोन कसा ओळखतात, याचा त्यांनी पानठेल्यावरच्या एका लाइनमनकडून अभ्यास केला. पाच-सहा पानं त्याला खिलवली. लाइनमननं सांगितलं की तपासणीच्या टेबलावर एक मीटर असतो. लाइनवर वीज सोडली की त्याचा काटा उडी मारतो. घरात एक घंटी असली तर उडी लहान, दोन घंट्या असल्या तर मोठी. झालं! काका धावत घरी आले आणि त्यांनी वरच्या फोनची घंटी स्क्रू ड्रायव्हरनं उपटून काढली. काटा आता लहानच उडी मारणार होता. पण काकूंना फोन आल्याचं कळणार कसं? मग त्यांनी जिन्याच्या खांबाला एक सुतळी बांधून ती खिडकीतून वर नेली आणि टोकाला घुंगरू लावलं. खाली फोन वाजला की काका सुतळी ओढत, वर घुंगरू वाजे, काकू पापडाच्या डब्यात हात घालत.

इतक्यावर शहाणा माणूस थांबला असता. काका तर आत्ता कुठे सुरू झाले होते. त्यांच्या मते एक्स्चेंजमधला माणूस घर कानानं ओळखतो. वर रेडिओ चालू असेल आणि खाली बंद, तर त्याला दोन वेगळी घरं ऐकू येणार. म्हणून वर काकू नागपूर केंद्र लावत तेव्हा खाली काकाही तेच केंद्र, तेवढ्याच आवाजात लावत. वर काकूंना शिंक आली तर खाली काका शिंकून घेत. मी एकदा विचारलं, "काका, फोन ठेवलेला असताना त्यांना काय ऐकू येणार?" त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "माह्या सळईले काय ऐकू येत होतं, बाबू? जमिनीखालचं."

आता चुकीच्या नंबरची गोष्ट. ही मी लग्नाकार्यात उभा राहून, दोन्ही भूमिका करून दाखवतो. काका फोन नेहमी उभ्यानं घेत आणि त्याआधी खुंटीवरचा नोकरीतला खाकी कोट अंगात घालत. त्या दिवशी कोटाची एकच बाही घालून झाली होती. पलीकडून कोणीतरी घाईत होता. लॉज समजून त्यानं नंबर फिरवला होता.

"दो मिलेंगे क्या?" तो म्हणाला. खोल्या हा शब्द त्यानं खाल्ला.

काकांच्या कपाळावर घाम आला. "दो नहीं है," ते म्हणाले.

"अरे भाईसाब, हमको बताया आपके यहाँ दो हैं। एक नीचे, एक ऊपर।"

"किसने बताया?" काकांचा आवाज पार विहिरीत गेला. "ऊपर कुछ भी नहीं है। ऊपर औरत है।"

पलीकडच्यानं फोन आपटला. काकांनी ताबडतोब वरचा फोन सोडवून हुडकेश्वरच्या शेतात एका ओळखीच्याकडे कडब्याच्या गंजीत नेऊन ठेवला. हुडकेश्वर तेव्हा निव्वळ शेतं होती. आठ दिवस काकू तोंड फुगवून बसल्या. शेवटी त्यांनी वरून खाली ऐकू जाईल असं सांगितलं, "अवो, तिले आणता का मी जिना उतरू?" फोनला 'तिले' का, हे मला तेव्हा कळलं नाही; काका त्याच संध्याकाळी कडबा झटकत फोन घेऊन आले.

हसायला बरं वाटतं, पण त्या घरात राहणं सोपं नव्हतं. गल्लीत सायकलची घंटी वाजली की काकांचा घास हातात थांबायचा. खाकी कपड्यातला पोस्टमन दिसला की ते नळापुढे जाऊन उभे राहायचे, नळाला पाठीनं झाकून. आणि हा रोग लागतो. मीही ऑफिसात फोन वाजला की उठून उभा राहू लागलो. साहेबांनी एकदा विचारलं, "फोन कुठाय?" तर मी म्हणालो, "एकच आहे, साहेब."

काकूंना मात्र कशाचीच भीती नव्हती, आणि त्यांना हा फोन कशासाठी लागत होता ते मला फार दिवस कळलंच नाही.

काकू खाप्याच्या. कन्हान नदीच्या काठचं गाव, कोष्ट्यांची वस्ती, घरोघरी माग. त्यांची एक मैत्रीण होती, त्याच गल्लीतली. दोघी लहानपणी एकाच ओट्यावर बसून मागासाठी कांड्या भरायच्या. म्हणजे धोट्यात घालायच्या त्या लहान नळीवर सूत गुंडाळायचं. आत दोघींचे वडील माग चालवायचे, त्या खटखटाटात बोललेलं ऐकू यायचं नाही. म्हणून बोलायच्याच नाहीत. सकाळपासून जेवणापर्यंत गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या आणि मुकाट्यानं सूत गुंडाळायच्या. लग्न होऊन दोघी नागपुरातच आल्या. मैत्रीण सीताबर्डीवर मुलाच्या घरी, तीही आता दम्यानं घराबाहेर न पडणारी. तिच्याकडे फोन होता.

दुपारी जेवणं उरकली की तिचा फोन यायचा. काका सुतळी ओढायचे. काकू रिसीव्हर कानाला लावून म्हणायच्या, "बसली का वं?" तिकडून उत्तर यायचं, "बसली." मग काकू रिसीव्हर चटईवर गुडघ्याशी ठेवायच्या, कापूस पुढ्यात घ्यायच्या आणि वाती वळायला लागायच्या. तिकडे तीही वाती वळायची. दोन तास. गावातला फोन तेव्हा कितीही वेळ चालला तरी बिलात एकच कॉल धरायचे, त्यामुळे घाई नव्हती. मधेच इकडची बांगडी वाजे, मधेच तिकडून खोकला येई. चार वाजता काकू रिसीव्हर उचलून "झालं माह्यं" म्हणत, आणि संपलं.

मी हे प्रथम पाहिलं तेव्हा मला वाटलं फोन बिघडलाय. मी म्हणालो, "काकू, त्या बोलत नाहीत." काकू हसल्या. काकांनी मला जिन्यावरच गाठलं. "तिले काही विचारू नको, बाबू. पडल्यापासून ती या दोन तासांवरच जगून राहिली. हे तुटलं ना, तर मले माहीत नाही मग काय."

म्हणजे त्या घामाचं, त्या कोटाचं, त्या कडब्याच्या गंजीचं कारण हे होतं. आणि गंमत पाहा. काट्याची उडी, घंटी, शिंका, रेडिओ, सगळ्यांचा बंदोबस्त काकांनी केला होता. दोन बाया दोन तास न बोलता लाइन धरून बसतात, यात काही धोका असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या मते शांतता सुरक्षित होती.

एका उन्हाळ्यात, सुटीच्या दिवशी दुपारी, रायपूरच्या मुलीनं ट्रंक कॉल लावला. मुलगा पास झाला हे सांगायला. ऑपरेटर म्हणाली, नंबर एंगेज आहे. मुलीनं अर्ध्या तासानं पुन्हा लावला. एंगेज. आणखी अर्ध्या तासानं, एंगेजच. तिला वातींचं काही माहीत नव्हतं. आई पांगळी, बाप भित्रा, रिसीव्हर खाली पडलेला आणि त्याच्याजवळ कोणीतरी आडवं पडलेलं, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं, आणि ती ऑपरेटरपाशी रडू लागली. ऑपरेटरनं नागपूरला कळवलं. नागपूरच्या माणसानं लाइनवर कान लावला. बोलणं नाही. नुसता श्वास, आणि एकदा बांगडी. त्यानं जीप काढायला सांगितली.

अशा रीतीनं टेलिफोन खात्याची जीप, एक तरुण साहेब आणि एक लाइनमन, निव्वळ चांगल्या हेतूनं, भर उन्हात काकांच्या दारात येऊन उभे राहिले.

"घरी सगळे ठीक आहेत ना?" साहेबानं धापा टाकत विचारलं. "तुमचा रिसीव्हर खाली पडलाय. मुलगी घाबरलीय रायपूरला."

मी दारातच होतो. साहेबाची नजर तिवईवर गेली. रिसीव्हर जागच्या जागी. वर क्रोशाचं झाकण. कोणी कधी हातही लावला नसेल इतकं नीट.

"फोन एकच आहे," काका म्हणाले.

कोणी विचारलं नव्हतं.

लाइनमननं फोनकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं आणि मग सावकाश नळाकडे पाहिलं. काकांचा हात पाठीमागे गेला. काकूंना सावध करायचं होतं, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ एकच साधन होतं. त्यांनी सुतळी ओढली.

इतक्या वर्षांत त्या सुतळीला एकच अर्थ होता. फोन आलाय, उचल. वर घुंगरू वाजलं. काकूंनी चटईवरचा रिसीव्हर कानाला लावला. त्याच क्षणी खाली साहेबानं झाकण बाजूला करून रिसीव्हर उचलला.

"हॅलो?"

"हॅलो," काकूंचा आवाज साहेबाच्या एका कानात तारेतून आणि दुसऱ्या कानात जिन्यावरून आला. "कोण पाहिजे?"

"मी टेलिफोन खात्यातून बोलतोय."

"मग खालच्या फोनवर करा ना गा. आमचे हे खाली आहेत."

मग काकांनी खुंटीवरचा खाकी कोट काढला, घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि साहेबापुढे ताठ उभे राहिले. त्या माणसाचा आवाज न थरथरता निघालेला मी तेव्हाच ऐकला.

"साहेब, मी जन्मभर नळ कापले. माह्या साळ्याचाही कापला. तुम्ही कापा. माही ना नाही. फक्त तिच्या वाती होऊ द्या, मग कापा."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण त्यानंतर जे वाक्य उच्चारलं गेलं, त्याच्यापुढे मला काही जोडायचं नाही. कनेक्शन तुटलं. चार वाजेपर्यंत थांबून तुटलं, पण तुटलं. लाइनमन वरचा फोन घेऊन गेला, आणि जिन्यावर पापडाचे तुकडे सांडत गेले. सगळा पावसाळा फोन मुका होता. काका रोज दुपारी सायकलीनं सीताबर्डीला जायचे, मैत्रिणीसमोर तासभर बसायचे आणि परत येऊन माडी चढायचे.

"काय म्हणाली?" काकू विचारायच्या.

"काही नाही म्हणाली."

"वाती वळत होती?"

"हाव."

"मग बरी आहे," काकू म्हणायच्या.

दसऱ्याच्या सुमारास त्याच तरुण साहेबानं वरिष्ठांशी भांडून फोन परत आणला. एकच यंत्र, आणि ते माडीवर, काकूंच्या उशाशी. तार त्याच नळातून गेली, फक्त आता सरकारी. एकमेव फोन वरच नेता आला असता, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. काका सुखी झाले का? छे. बैठकीत फोन नाही हे पाहून लोकांना संशय येईल, म्हणून ते तिवईवर ते झाकण तसंच ठेवत.

तर त्या दुपारी. काका कोट घालून उभे. साहेबाच्या कानाला अजून रिसीव्हर. त्याला राग आला होता असं नाही. वय लहान होतं, त्याला खरोखरच समजत नव्हतं. त्यानं फोनमध्येच विचारलं, "बाई, दीड तास झाला, तुम्ही आणि पलीकडच्यांनी लाइन धरून ठेवलीय. एक शब्द बोललेला नाही. बोलायचंच नाही, तर फोन कशाला लागतो तुम्हाला?"

आणि माडीवरून, तारेची काही गरज पडू नये इतक्या मोठ्यानं, काकू म्हणाल्या:

"काहून? घरात आपलं माणूस बसून असलं, तर ते सारखं बोलूनच राहते का गा?"